इनासमामांचा तिरका दात

तीस वर्षं मी लोकांचे दात केले आणि त्यातली निम्मी वर्षं मला एकही तोंड दिसलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं मी थापा मारतोय, पण आमचा धंदाच तसा. मी डेंटल मेकॅनिक, साध्या भाषेत कवळ्यांचा मिस्त्री. अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, एका अरुंद जिन्यावरच्या दवाखान्यात पुढे डॉक्टर बसायचे आणि मागे जाड हिरव्या पडद्याआड मी. पुढे खुर्ची, आरसा, गुळण्यांचं भांडं आणि हळू आवाजातलं बोलणं. मागे प्लास्टरचं पोतं, मेणाच्या पट्ट्या, स्टोव्ह आणि घरघरणारं पॉलिशचं चाक. डॉक्टरांचा नियम एकच होता: पेशंट खुर्चीत असताना मिस्त्रीनं पडद्याबाहेर यायचं नाही. कवळी डॉक्टर स्वतःच्या हातानं करतात असा पेशंटांचा समज असायचा. तो समज डॉक्टरांनी कधी मोडला नाही. मीही मोडला नाही, कारण मला लोकांशी बोलायचा मुळातच कंटाळा.

काम कसं चालायचं ते सांगतो. डॉक्टर गरम पाण्यात मऊ केलेला मसाला पेशंटच्या तोंडात दाबून हिरड्यांचं माप घेत. ते माप पडद्याच्या फटीतून माझ्या हातात येई. त्यात प्लास्टर ओतलं की हिरडीची पांढरीशुभ्र प्रत तयार. तिच्यावर मेणाचा कठडा उभारायचा आणि मेणात एक एक दात बसवायचा. ते मेण तोंडात घालून डॉक्टर बघणार, आणि सगळं जमलं असेल तर मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून तो उकळून कडक करायचा. मग घासायचं, चकाकवायचं आणि पाण्याच्या वाटीत ठेवायचं. झाली कवळी. ज्याची कवळी तो गोरा की काळा, हसरा की रडका, मला पत्ता नाही.

पण प्लास्टरवरून वय मात्र मला बरोबर कळायचं. लोकांना वाटतं दात पडले की विषय संपला. छे हो, खरी गंमत तिथून पुढे. ज्या हाडात दात रोवलेले असतात त्या हाडाला दात धरून ठेवण्याचंच काम असतं. दात गेले की ते हाड बेकार होतं, आणि आपलं शरीर बेकाराला फुकट पोसत नाही. पहिल्या वर्षी भराभर आणि नंतर सावकाश, पण जन्मभर ते हाड झिजत राहतं, त्यातही खालच्या जबड्याचं जास्त. म्हणून म्हाताऱ्या माणसाची हनुवटी नाकाकडे निघते आणि ओठ आत ओढले जातात. वरून हिरडीची कातडी पातळ होते, लाळ कमी पडते, आणि जीभ मोकळी जागा बघून ऐसपैस पसरते. कवळी मात्र केली त्या दिवशी असते तशीच राहते. मग पाच-सहा वर्षांनी ती तोंडात खुळखुळायला लागली की लोक तणतणत येतात, मिस्त्रीनं वाट लावली म्हणून. अहो, कवळी सैल झालेली नाही, तुम्ही आटलात. हे मी पडद्याआड शंभरदा पुटपुटलो असेन.

नमुने एकेक असायचे. मुलुंडचे एक निवृत्त हेडक्लार्क होते. कवळी बसवल्यापासून बायकोच्या हाताची चव गेली, अशी त्यांची तक्रार. डॉक्टरांनी त्यांना समजावलं ते मी आतून ऐकलं. वरच्या कवळीनं टाळू झाकली जाते, त्यामुळे घास वेगळा लागतो. शिवाय वय वाढलं की जिभेपेक्षाही नाक मंद होतं, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. हेडक्लार्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे हिचा दोष नाही तर, मग मी गेलं वर्षभर उगाच भांडतोय. पुढच्या खेपेला ते बायकोला घेऊन आले आणि डॉक्टरांना म्हणाले, मला सांगितलंत ते हिलाही सांगा, माझ्या सांगण्यावर विश्वास बसत नाही.

दुसरा एक गोरेगावच्या स्टुडिओत गर्दीत उभं राहायचं काम करणारा. चाळिशीतच पुढचे सगळे दात गेलेले. त्याला नटासारखे दात हवे होते, पांढरेफेक. डॉक्टरांनी रंगांची पट्टी पुढे केली आणि सांगितलं की वय झालं की दातांवरचं पांढरं आवरण झिजतं, आतला पिवळा भाग दिसायला लागतो, तेव्हा जरा पिवळट घ्या, खरे वाटतील. तो ऐकेना. मी दूधपांढरे करून दिले. महिन्यानं परत आला. दिग्दर्शकानं त्याला मागच्या रांगेत ढकललं होतं, कारण म्हणे दिवे लागले की त्याचे दातच तेवढे दिसत.

अशा लोकांमुळे मला स्वतःबद्दल फार चांगलं मत झालं होतं. माझी शान होती सरळ ओळ. सहा पुढचे दात असे लावायचो की पट्टी ठेवून बघा, केसाचा फरक सापडणार नाही. डॉक्टर इतर दवाखान्यांतल्या मित्रांना मुद्दाम दाखवत आणि मी पडद्याआड फुगून बसे. त्या सरळ ओळीनंच माझं नाक कापलं.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मरोळ गावठाणातले इनासमामा आमच्याकडे कवळी करायला आले. सत्तरी ओलांडलेली. गावातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी. भाताची शेती होती, त्यातली बरीचशी कारखान्यांसाठी गेलेली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला ठाऊक होती ती फक्त त्यांची प्लास्टरची हिरडी. वरची अजून बरी, खालची पार झिजून दोरीएवढी उरलेली. मी झकास कवळी केली, आणि सरळ ओळीवर तर खास मेहनत घेतली.

आठवड्यानं ते परत आले. डॉक्टरांनी विचारलं, टोचते का? नाय. जेवता येतं? सुका बोंबीलपण खाते. बोलायला त्रास? अजिबात नाय. मग काय? तर म्हणे कॉर्नेट धरता येत नाय. कॉर्नेट म्हणजे फुंकून वाजवायचं आखूड पितळी वाद्य. गावच्या बँडात मामा पन्नास वर्षं ते वाजवत होते. डॉक्टरांनी कवळी इथे तिथे घासून दिली. चार दिवसांनी मामा पुन्हा हजर. या खेपेला डॉक्टरांनी त्यांना गोड शब्दांत सांगितलं की या वयात आता फुंकाफुंकी पुरे, आराम करा. मी आत मेण तापवत होतो. मग मामांचा आवाज आला, चढलेला नव्हे, अगदी साधा.

"आराम मेल्यावर हायेच. नाताळ झाल्यावर माझ्या फिलूचा लगीन हाय. तिचा पानी मीच वाजवत आननार."

ही त्यांच्याकडची रीत. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीसाठी बायका डोक्यावर घडे घेऊन विहिरीवर जातात आणि पुढे बँड वाजत चालतो. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. तीनही मुलींचं पाणी मामांनी वाजवत आणलं होतं. ही नात त्यांच्याच घरात वाढलेली, आणि तिच्या पाण्याला दुसरं कुणी पुढे चालणार ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. लग्नाला दोन महिनेही उरले नव्हते.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर जेवायला घरी गेलेले असताना ते आले आणि सरळ पडदा सारून आत. मी दचकलो. पंधरा वर्षांत त्या पडद्यातून एकही पेशंट आत आला नव्हता. किडकिडीत म्हातारा, अंगात कोट, हातात फडक्यात गुंडाळलेलं ते पितळी वाद्य. माझ्याकडे, प्लास्टरकडे, स्टोव्हकडे बघून म्हणाले, "म्हणजे तू करते दात. मना पहिल्यापासून वाटला, डॉक्टरचे हात एवढे स्वच्छ कसे."

मी मूर्खासारखं विचारलं, ही पिपाणी का? तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ती चूक मी पुन्हा आयुष्यात केली नाही. त्यांनी फडकं सोडलं आणि कॉर्नेट ओठाला लावलं. नुसती हवा फुसफुसली. वाद्याचं तोंड दाताच्या ओळीवरून घसरत होतं आणि वरची कवळी मागच्या बाजूनं टाळू सोडत होती.

मग त्यांनी मला समजावलं, मास्तरनं ढ मुलाला समजवावं तसं. त्यांचे वरचे पुढचे दोन दात शेजारी शेजारी नव्हतेच. एक दुसऱ्याच्या मांडीवर बसलेला. त्या दोघांच्या मध्ये जी खाच होती तिच्यात कॉर्नेट टेकायचं. लहानपणी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हापासून ओठांना तीच जागा ठाऊक. आणि मी तिथे भिंत बांधून ठेवली होती, गुळगुळीत आणि सरळ.

मला लाज वाटली, साफ सांगतो. पंधरा वर्षं मी ज्याला कसब म्हणत होतो ते म्हणजे सगळ्यांच्या तोंडात एकच तोंड बसवणं होतं. वयानं माणसाचे दात नेले, हाड नेलं, गाल बसवले, आणि उरलंसुरलं जे त्याचं म्हणून होतं ते मी पट्टी लावून पुसलं.

पण तिरका म्हणजे किती तिरका, आणि दोघांतला मांडीवरचा कुठला? मामा हातवारे करत राहिले आणि दर वेळी वेगळाच कोन दाखवत राहिले. दात पडून सात-आठ वर्षं झालेली, जिभेलासुद्धा नीट आठवेना. फोटो विचारला तर म्हणाले लग्नातला एकच आहे, आणि त्यातही ओठ असे मिटलेले की जणू फाशी द्यायला नेताहेत. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून त्यांची बायको, रोजामावशी, बोलली. ठसठशीत बाई, नऊवारीतली. तिला आमचं सगळं ऐकू जात होतं.

"फोटो कशाला शोधते? फिलूला बघ ना."

मी पडदा सारून बघितलं. फिलू बाकावर तिच्या शेजारीच बसली होती. वीस-एकवीसची मुलगी, कुठल्याशा कंपनीत टायपिस्ट. तोंडाला रुमाल लावून बसलेली. ती आजोबांना सोडायला आली असेल असं मला वाटलं, पण नुसती त्यासाठी आली नव्हती. डॉक्टरांनी दोनच दिवसांपूर्वी मला सांगितलं होतं की एका मुलीचा पुढचा वाकडा दात काढून तिथे सरळ बसवायचा आहे, लग्नाच्या आत, गुरुवारी. ती मुलगी हीच. नवऱ्याकडच्या कुणी बाईनं चारचौघांत काहीतरी बोलून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून ती रुमालाशिवाय कुणाशी बोलत नव्हती.

रोजामावशीनं तिला हस म्हणून सांगितलं. ती हसेना. मावशीनं सरळ तिचा रुमाल ओढला. आणि दिसला. वरचा उजवा पुढचा दात डाव्याच्या अर्ध्या मांडीवर बसलेला, जरासा वळून, आगाऊपणे पुढे आलेला.

मामा बघतच राहिले. रोज जिच्यासोबत जेवतो त्या मुलीच्या तोंडात आपला दात आहे हे त्यांना आजवर दिसलंच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "हा तर माझा."

आता तुम्हाला वाटेल मी त्या मुलीला दात काढू नकोस म्हणून चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असतील. नाही सांगितल्या. मी म्हणालो, गुरुवारी काढायचा तर काढ बाई, पण आज मला त्याचं माप दे. ती मामांच्या चेहऱ्याकडे बघून खुर्चीत बसली. डॉक्टर येण्याआधी मी पहिल्यांदाच पडद्याच्या पुढच्या बाजूला, जिवंत तोंडाचं माप घेत होतो.

डॉक्टर जिन्यावरून वर आले ते नेमके त्या वेळी. मी सगळं सांगितलं, आपली सरळ ओळ कशी चुकली इथपासून. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, हात धुतले, आणि म्हणाले की हिरडीला जखम झाली तर जबाबदारी तुझी. मग जरा वेळानं स्वतःच म्हणाले की वरची कवळी पुढच्या बाजूला जाड ठेव, ओठाला आधार मिळेल. तेव्हा मला कळलं की परवानगी मिळाली.

पुढचे तीन-चार आठवडे मामा आणि फिलू एक दिवसाआड येत. मामांना एकट्यानं जिना चढवत नसे. मी मऊ मेणाचा कठडा त्यांच्या तोंडात घातला आणि कॉर्नेटचं नुसतं तोंड, ती पितळी वाटी, त्यावर दाबायला सांगितलं. मेणात गोल ठसा उमटला. ओठांना ठाऊक असलेली जागा ती हीच. त्या ठशाच्या बरोबर मध्ये खाच यावी अशा बेतानं मी दात लावायला घेतले, समोर फिलूचं प्लास्टर ठेवून. सवयीनं हात सरळ रेषेत जायचा. माझी स्वतःची चाळिशी उलटून गेली होती आणि जवळचं दिसत नव्हतं, पण चष्मा वापरायची लाज वाटायची. त्या कामासाठी मी पहिल्यांदा चष्मा लावला. इतरांच्या म्हातारपणावर पोट भरणारा मी, स्वतःचं कबूल करायला मामांच्या दातापर्यंत थांबलो. तेही नुसतं फिलूचं बघून चालेना. तिचा कोवळा दात, टोकाला अजून धारदार. मामांच्या ओठांना पन्नास वर्षं घासून बोथट झालेली कड हवी होती. मी कानस घेऊन नव्या दातांना म्हातारं केलं.

फिलू हे सगळं स्टुलावर बसून बघत असे. गुरुवार येऊन गेला. त्या दिवशी तिनं डॉक्टरांना अंग मोडून आल्याचं सांगितलं. पुढच्या गुरुवारी ऑफिसातून सुटी मिळाली नाही. नंतर म्हणाली लग्न झाल्यावर बघू. डॉक्टरांनी मला डोळ्यानं विचारलं, मी खांदे उडवले. त्या दिवसांत रुमाल कधी गेला ते मला आठवत नाही.

नाताळ झाला, आणि ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागायच्या आत लग्न. पाण्याच्या दिवशी मला बोलावणं होतं. दुपार कलताना मी बसनं मरोळला गेलो. मामा अंगणात कोट घालून, कॉर्नेट घेऊन तयार. मला बघून मान हलवली. बायका लुगडी नेसून, घडे घेऊन निघाल्या. मामा सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या मागे क्लॅरिनेट, ढोल, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेला दुसरा एक कॉर्नेटवाला.

पहिला सूर लागला. स्वच्छ, गोल सूर. माझं काम चालताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तोवर माझी प्रत्येक कवळी पाण्याच्या वाटीत माझ्यापुरती संपायची. इथे ती रस्त्यानं वाजत निघाली होती. डोळे भरून आले माझे, लपवून काय करू.

पण पुरती गोष्ट सांगायला हवी. विहिरीच्या निम्म्या वाटेवर सूर फाटायला लागला. आम्ही दातांचा विचार केला, हाडाचा केला, ओठांच्या जागेचा केला. ओठांभोवतीचे स्नायू सात-आठ वर्षं रिकामे बसून ढिले पडले होते, त्यांचं काय? आणि छाती? वयानं बरगड्यांचा पिंजरा कडक होत जातो, भाता पूर्वीसारखा फुलत नाही. ते माझ्या हातातलंही नव्हतं, पण माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मामांनी कॉर्नेट खाली घेतलं. मागच्यानं सूर उचलला, मिरवणूक थांबली नाही, आणि मामा पुढेच चालत राहिले, नुसतेच.

विहिरीवर बायकांनी पोहरा सोडला. रीतीप्रमाणे पाणी वर येताना वाजवायचं असतं. मामांनी दुसऱ्या कॉर्नेटवाल्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि स्वतः वाद्य ओठाला लावलं. पहिला घडा भरेपर्यंत वाजवलं. एकच घडा. बाकीचे त्या पोरानं वाजवले. मग मामा कठड्याला टेकून धापा टाकत माझ्याकडे बघून हसले, तोंड उघडून, तिरका दात दाखवत.

"मिस्त्री, दात झकास. आता छातीची कवळी कर."

फिलूला हे कुणीतरी जाऊन सांगितलं. आम्ही परतलो तेव्हा ती दारात उभी होती आणि खळखळून हसत होती. गावभर माणसं जमलेली, नवऱ्याकडचीही चार. रुमाल नव्हता.

नंतर मामा गावच्या सणाला दोन वर्षं थोडं थोडं वाजवत होते. हाड आपलं झिजतच होतं. एकदा मी कवळी आतून भरून घट्ट करून दिली. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनीच नको म्हटलं, जेवायला पुरते म्हणाले. आणखी दोन-तीन वर्षांनी गेले. निरोप घेऊन फिलूच आली होती.

आमच्या दवाखान्यात एक बदल झाला. पडदा राहिला, पण डॉक्टर दर नव्या पेशंटला मला हाक मारून समोर बोलवू लागले. मी सांगायचो, जुना फोटो आणा, हसतानाचा असेल तर उत्तम. कुणाच्या दोन दातांमध्ये फट ठेवली, कुणाचा एक आखूड ठेवला. काही लोक रागावले, आम्हाला सरळच हवेत म्हणाले. त्यांना सरळ दिले. पण विचारल्याशिवाय कुणाला सरळ केलं नाही. त्याआधीच्या पंधरा वर्षांतल्या माणसांना मी विचारलं नव्हतं, त्याचं वाईट अजून वाटतं.

बारा वर्षं गेली. मी निवृत्तीला आलो होतो. हातांना बारीक कंप, चष्म्यावर चढवायचं आणखी एक भिंग. एका दुपारी फिलू जिना चढून आली, तिच्या आधारानं रोजामावशी. फिलू आता दोन मुलांची आई, अंगानं भरलेली. आणि तोंडाला पुन्हा रुमाल. बस पकडताना फुटपाथच्या कडेवर तोंडावर पडली होती. तोच दात मुळाशी तुटलेला. डॉक्टरांनी उरलेलं मूळ काढलं, धीर दिला, आणि सहज म्हणाले की तेव्हा राहून गेलं होतं, आता आपोआप संधी आली आहे, छान सरळ बसवून देऊ.

फिलू माझ्याकडे वळून म्हणाली, "मिस्त्री, तिरका. होता तसा."

मी आत गेलो. प्लास्टरचे साचे आम्ही ठेवत नसू, जागाच नसायची. दर महिन्याला फोडून टाकायचो. वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकच साचा मी बारा वर्षं ठेवला होता. धुळीनं पिवळा पडलेला, पण टवका गेलेला नाही. तो आणि तिच्या नव्या मापाचा साचा टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आयुष्यभर दुसऱ्यांची म्हातारपणं हाताळली, पण वय कसं येतं हे मी तेव्हा एका नजरेत बघितलं. हिरडी किंचित वर सरकलेली. शेजारचे दात एकमेकांकडे झुकलेले. कडांची धार गेलेली. तेहतीस वर्षांची धडधाकट बाई, कुणी तिला म्हातारी म्हणणार नाही, आणि तरी वयाचं काम सुरू झालेलं. जुना दात जशाचा तसा करून चालणार नव्हता. बारा वर्षांत तो जितका बदलला असता तितका बदलून करायला हवा होता. मी तो जरा लांब ठेवला, कड थोडी घासली, रंग एक घर पिवळा घेतला. वळण मात्र जुन्या साच्यावरून घेतलं, तसूभर इकडे तिकडे न करता. एका दाताची ती छोटीशी प्लेट करायला मला पूर्ण कवळीपेक्षा जास्त दिवस लागले. माझं ते शेवटचं काम. पुढच्या महिन्यात मी घरी बसलो.

दात बसवला त्या दिवशी फिलूनं आरसा घेतला, इकडून तिकडून बघितलं आणि आरसा ठेवून दिला. उठून बाहेरच्या बाकाकडे गेली. रोजामावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. फिलू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, तोंड उघडलं, आणि म्हातारीचं बोट धरून आपल्या दातावर ठेवलं. मावशीनं बोट सावकाश फिरवलं, एका दातावरून दुसऱ्यावर, आणि खाचेत थांबवलं. तिथून ते बराच वेळ हललं नाही.

"हां," ती म्हणाली, "हा बघ, बसला मांडीवर."